सुईवाल्याच्या बाकावरून

वन्सं,

तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजींचं म्हणून व्हायचं होतं, तुमचा बाळू अजून गुडघाभर पाण्यातच उभा होता, तेवढ्यात उंबरावरून एक कावळा खाली आला, भाताच्या गोळ्यात चोच घातली आणि ओरडून आणखी दोघांना बोलावून घेतलं. काठावर जमलेल्या माणसांना हायसं वाटलं. "म्हातारीची कायबी इच्छा मागं नाय राहिली," कोणीतरी म्हणालं. "सोन्यासारखी गेली."

मला संताप आला. थोडं तरी ताटकळत ठेवायचं होतंत त्यांना. कावळा शिवेना की माणसं एकेक करून पुढे येतात, हात जोडतात, मेलेल्या माणसाला कबुली देतात. तुमच्या मुलाने पुढे यायला हवं होतं, मुंबईहून आलेल्या नातवाने यायला हवं होतं, आणि सगळ्यांच्या मागे पांढरा शर्ट घालून जो उभा होता, त्याने तर यायलाच हवं होतं. तो रडत होता, वन्सं. रुमालाने डोळे पुसत होता. तुम्ही मात्र जन्मभर केलंत तेच केलंत. कोणाकडे काही मागितलं नाहीत, सगळ्यांना सोडून दिलंत आणि मोकळ्या झालात.

मी मोकळी झालेले नाही. तुमची इच्छा संपली असेल. माझी संपलेली नाही, आणि माझ्यासाठी अजून कोणी पिंड ठेवलेला नाही.

हे लिहिते तुम्हाला, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, मीरा आणि ओम. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा दोन्हीकडून सावकाशच जाईल. त्यांच्या आईने त्यांना तिकडे कॅनडात सांगितलं की डोंगरआजी म्हातारी झाली होती, आजारी पडली आणि देवाघरी गेली. मुलांना असंच सांगतात. पण मी सारा जन्म शाळेत शिकवलं, आणि अर्धवट उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत. मुलांनो, तुमची डोंगरआजी म्हातारपणाने गेली नाही. तिच्या नडगीला कोयता लागला होता. बोटभर जखम. एवढ्याने आमच्या आज्यासुद्धा मरत नव्हत्या असं म्हणणार होते, पण ते खोटं आहे. त्या मरत होत्या. मधल्या काळात मरणं थांबलं होतं, आणि आता पुन्हा सुरू झालं आहे. कसं सुरू झालं ते सांगते.

मी महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि तुमच्या भावाशी लग्न केलं. तुम्ही तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत सासरी होतात. पहिल्यांदा चढून आले तेव्हा माझा श्वास पुरत नव्हता, आणि तुम्ही ओट्यावरून ओरडलात, "आली गो इंग्रजीण! जरा आमच्या म्हशीला शिकव, दूध दे म्हणायला." सगळी वाडी हसली. मी त्या दिवशीच ठरवलं की या बाईशी जन्मभर बोलायचं नाही. तसं पाहिलं तर ते खरंच झालं. आपण बोललो कमी, भांडलो जास्त.

तुमच्या वाडीत वाटा काढल्याशिवाय कोणी काही खात नाही. म्हैस व्यायली की खरवसाची वाटी शेवटच्या घरापर्यंत जाते. चढणीचे मासे मिळाले की पानांवर वाटे पडतात, आणि आजारी घराचा वाटा मोठा असतो. मला त्याचं फार कौतुक होतं. गोळ्यांचाही तसाच वाटा पडतो हे कळेपर्यंत.

चाकरमानी वीर स्टेशनला गाडीतून उतरायचे ते पिशवीत बिस्किटं, चिवडा आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन. कोणाच्या ऑपरेशनातून उरलेली, कोणाच्या कारखान्यातून मिळालेली. पुढे तुमचा नातू नितीन औषधांच्या गोडाऊनला लागला, मग तर काय, शिमग्याला पेढे नसले तरी चालतील पण गोळ्या हव्यात. सगळं तुमच्या डब्यात जमा व्हायचं. देवाशेजारच्या कोनाड्यातला तो पत्र्याचा डबा. कोणाला ताप आला की तुम्ही अडकित्त्याने पाकीट कातरून दोन-दोन गोळ्या द्यायच्यात. कातरता कातरता औषधाचं नाव जायचं, तारीख जायची. रंग राहायचा. तांबडी-काळी तापाला, पिवळी जखमेला, पांढरी लांबुळकी हगवणीला. म्हशीच्या कासेला सूज आली तेव्हा दोन पिवळ्या भाकरीत घालून तिलाही चारल्यात.

आणि नियम असा, की ताप उतरला की थांबायचं. उरलेल्या गोळ्या परत डब्यात. बरं वाटल्यावरही जो गोळ्या खात राहील तो तुमच्याकडे खादाड ठरायचा, दुसऱ्याचा वाटा खाणारा.

"वन्सं, डॉक्टर सांगतात तेवढे दिवस घ्यायच्या असतात त्या," मी म्हणायचे.

"आन् शेजारच्याला ताप आला तर? त्याला काय तुझी इंग्रजी देऊ?"

"मुळात सगळ्या तापांना त्या चालतच नाहीत. सर्दीला तर नाहीच नाही."

"चालत नायत तर माणूस बरा कसा व्हतो गो?"

"आपोआप होतो."

"आपोआप!" तुम्ही कपाळाला हात लावायच्यात. "आपोआप तर भातसुद्धा शिजत नाय."

ओमच्या कानाची गोष्ट त्याला आठवत नसेल, लहान होता. कान फुटायला आला होता, आणि तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन दिवस वाट पाहू, बहुतेक औषधावाचून बरा होईल. त्याची आई फोनवर रडत होती. तुम्ही तेव्हा महाडला माझ्याकडे होतात. फोन माझ्या हातातून ओढून घेतलात आणि ओरडलात, "तिकडचा डाक्टर चिकट हाय. तू काय भिऊ नको. मी पिवळी धाडते पोस्टानं." पोस्टाने जायच्या आत कान बरा झाला. मी विजयाने तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी इकडनं नवस बोलले व्हते." तुमच्याशी वाद जिंकणं शक्यच नव्हतं. आता जिंकते आहे, तर समोर कोणी नाही.

एक वाद मात्र मी जिंकू शकले असते. बाळूच्या नाचणीत वानरं शिरायची, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ फटाके वाजवत होता. वानरं असोत नसोत, वाजवायचा. तुम्ही अंगणातून त्याला झापलंत ते मला शब्दन् शब्द आठवतं. "रोज रोज वाजवलास तर काय व्हनार रे? पयल्यांदा पळाली. मग झाडावर चढून बसली. आता बघ, बांधावर बसून तुझीच मजा बघतायत. ठेवून दे तो फटाका. आत शिरतील तवाच वाजव. आन् एकदा वाजवलास की डोंगरापार घालवल्याबिगर थांबू नको. अर्ध्यात सोडलीस तर ती शिकतात."

वन्सं, हे तुम्हाला ठाऊक होतं. वानरांबद्दल ठाऊक होतं. तुम्हाला हाताला धरून डब्यापाशी न्यायचं आणि म्हणायचं, आता हेच पुन्हा म्हणा, एवढंच करायचं होतं. मला ते सुचलं मुंबईच्या इस्पितळाच्या बाकावर.

आता सुईवाला. मुलांनो, त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की माणसाला मान मिळतो. काठावर सगळ्यांच्या मागे रडत होता तो हाच; वाडीखालच्या नाक्यावर त्याचा दवाखाना आहे. पाटी आहे, कसलीशी पदवी आहे. कोणीही या, काहीही होऊ द्या, तो आधी सुई मारतो. सर्दीला सुई, पायात गोळे आले तरी सुई, सुनेशी भांडण होऊन डोकं दुखलं तरी सुई. मग कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या, नाव नसलेल्या, परवापर्यंत पुरतील एवढ्या. "नाय उतरला तर या परत, याच्यापेक्षा भारी देतो." लोकांना ते 'भारी' फार आवडतं. लबाड म्हणावं तर तेवढाही नाही. विचार करायचा त्याला कंटाळा आहे, आणि त्या कंटाळ्यालाच लोक हातगुण म्हणतात.

त्याच्याविरुद्ध मी काही बोलले की तुमचं उत्तर ठरलेलं. तळीयेला दरड आली त्या पावसात तुमच्या वाडीचा रस्ताही तुटला होता, आणि हा माणूस डोक्यावर बॅग घेऊन, ओढ्यातून, चिखलातून चढून वर आला होता. "तवा कोण आला गो वयनी? तुझ्या महाडचा कुठला मोठा डाक्टर आला?" महाड तेव्हा स्वतःच पाण्यात होतं आणि मी वरच्या मजल्यावर अडकले होते. पाणी ओसरल्यावर तुम्हीच आलात, वाडीतल्या बायका, घमेली आणि खराटे घेऊन. माझ्या घरातला चिखल तुम्ही उपसलात. माझी पुस्तकं उन्हात मांडताना म्हणालात, "एवढी वाचलीस, पण पोहायला नाय शिकलीस." ज्या बाईने घरातला चिखल काढला तिच्या डॉक्टरला नावं कशी ठेवायची?  त्या पावसानंतर त्या माणसाचा शब्द म्हणजे तुमच्याकडे देवाचा कौल झाला.

यंदा माघात तुम्ही राबासाठी कवळ तोडायला गेलात. मुलांनो, भाताचं रोप टाकायच्या जागी झाडांच्या फांद्या पसरून जाळतात, त्या फांद्यांचे भारे म्हणजे कवळ. या वयात झाडाखाली जायची काही गरज नव्हती, पण सुनेने बांधलेला भारा तुम्हाला कधी पसंत पडला? कोयता निसटला आणि नडगीला लागला. तुम्ही दगडीपाला चुरून लावलात आणि डब्यातल्या पिवळ्या घेतल्यात. सूज उतरली, थांबलात. वाटा शिल्लक ठेवलात. सूज परत आली. सुईवाल्याकडे गेलात, त्याने सुई मारली, पुडी दिली. बरं वाटलं, थांबलात. मग परत आली, मग 'भारी' सुई. मला कोणी कळवलं नाही. वास यायला लागला तेव्हा बाळूने फोन केला. तुम्हाला महाडला आणलं, तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे न पाहता मुंबईला न्यायला सांगितलं.

मुंबईत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मला बाजूला घेतलं. "आजी, जखमेतला पू आम्ही तपासला. त्यातल्या जंतूंवर एकेक औषध लावून पाहिलं. नेहमीचं एकही चालत नाही. एकच उरलंय, आणि ते मूत्रपिंडांना अपाय करतं."

मी शिकलेली बाई, तरी सगळ्यांसारखंच विचारलं, "शरीराला सवय झाली का गोळ्यांची?"

"शरीराला नाही, आजी. जंतूंना. औषध माणूस घेतो, पण शिकतात ते जंतू. आणि शिकलेले जंतू एका घरात राहत नाहीत. ज्याने जन्मात गोळी घेतली नाही त्यालाही ते धरतात."

म्हणजे त्यांचाही वाटा पडतो. खरवसासारखा, शेवटच्या घरापर्यंत.

ते उरलेलं औषध चालू केलं, आणि ती म्हणाली तसंच झालं. लघवी कमी होत गेली. चेहरा सुजला. शुद्धीत होतात त्या शेवटच्या दुपारी नाकावरची नळी बाजूला सारून तुम्ही विचारलंत, "वयनी, जेवलीस काय?" मी हो म्हटलं. मग म्हणालात, "डाक्टरला काय बोलू नको गो. त्याला घालवू नको. पावसात वर कोण चढंल? प्रतीक्षाची येळ पावसातच हाय."

प्रतीक्षा म्हणजे नितीनची बायको, तुमची नातसून. तिला तेव्हा चौथा महिना लागला होता. मरतानासुद्धा तुम्ही वाटाच काढत होतात, अजून न आलेल्या बाळाचा. मी तुमचा हात धरला आणि काही बोलले नाही. मी गप्प बसले की तुम्ही नेहमी होकार धरायच्यात.

तो होकार नव्हता, वन्सं.

बाराव्याला तुमच्या साड्या वाटल्या. मग शेजारणी हळूच कोनाड्याकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, "बाई, आजीच्या डब्यातल्या दोन गोळ्या द्या की. आठवण म्हणून. तिच्या हाताला गुण व्हता." दुसरीने पदर पसरला. मी डबा उचलला, मांडीवर घेतला आणि वर हात ठेवून बसले. "साड्या न्या. भांडी न्या. म्हैस सोडून न्या पाहिजे तर. यातली एक गोळी मिळणार नाही."

"बाई एकटीच खानार वाटतं सगळ्या," मागून कोणीतरी बोललं, आणि त्या दुःखाच्या घरात हशा पिकला. तुम्ही असतात तर सगळ्यांत मोठ्याने हसल्या असतात. मी डबा तसाच मांडीवर घेऊन महाडला आले. गोळ्या उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, कोंबड्या टिपतात. नदीत टाकायच्या नाहीत. इस्पितळातल्या औषधवाल्याकडे जाळायला दिल्या. तो डब्यात पाहतच राहिला. "बाई, एवढ्यात एक दवाखाना चालेल." मी म्हटलं, चालतच होता. डबा उकळत्या पाण्याने धुतला आणि ठेवला.

मग तक्रार लिहायला बसले. इंग्रजीत लिहिली, मुद्देसूद, एकही खाडाखोड नाही. सुईवाल्याची पाटी उतरवायची, एवढंच डोक्यात होतं. बाळूला कुठून कळलं कोण जाणे. पहिल्या एस.टी.ने आला आणि पायरीवरच बसला.

"मामी, कागद धाडलास काय?"

"आज धाडणार."

"त्याला घालवलास तर त्याच्या जागी कोन येनार? कोनी नाय येनार. नायतर दुसरा तसलाच येईल. आन् पावसात रस्ता गेला तर प्रतीक्षाला डोलीत घालून मी कुठं नेऊ?"

"बाळू, तुझी आई गेली."

"ठाव हाय मामी," तो म्हणाला. "माझीच गेली ना."

मी आत जाऊन आधण ठेवलं. त्याला चहा दिला. तो गेल्यावर तुमच्या भावाच्या फोटोखाली बसून राहिले. ते गेले त्या वर्षी तुम्ही एक कोंबडी काखोटीला मारून आल्या होतात आणि अख्खा पावसाळा माझ्याकडे राहिलात. मला जेवण जात नव्हतं. तुम्ही रोज आमटीवरून भांडण काढायच्यात, ही काय आमटी हाय, हे काय शिक्षण हाय, आणि मी चिडून, तुम्हाला दाखवायला म्हणून, ताट संपवायचे. पावसाळा संपला तेव्हा कळलं की तुम्ही मला जगवलंत. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाल्या असतात, ही इंग्रजी इथं नको. तर आता मानते. इथे उत्तर देता येत नाही तुम्हाला.

तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की तुमचं आणि माझं म्हणणं एकच आहे. त्याला घालवायचं नाही. घालवणं म्हणजे त्याची सुटका. तो खालच्या कुठल्या गावात दुसरी पाटी लावेल, तिथे सुया मारेल आणि तुम्हाला विसरून जाईल. मला त्याची सुटका नको होती, म्हणून तो कागद धाडलाच नाही. तो तिथेच राहायला हवा. पावसात वर चढायला हवा. आणि न टोचता खाली उतरायला हवा. याहून मोठी शिक्षा त्याला कुठलं न्यायालय देणार?

बाजाराच्या दिवशी मी एस.टी.ने नाक्यावर गेले आणि त्याच्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसले. मांडीवर तुमचा डबा, त्यात माझं विणकाम आणि थोडे शेंगदाणे. त्याने डबा ओळखला. तोंडावरचा रंगच उडाला.

"बाई, तुम्ही आत या ना. नंबर कशाला लावताय?"

"मला काही झालेलं नाही. मी बसते."

बाकावर बायका होत्या, म्हातारे होते, शेंबडी पोरं होती. नाक्यावर अनोळखी म्हातारी गप्प बसली तर कोण राहू देतं? "काय व्हतंय बाई?" शेजारणीने विचारलं. मी सांगितलं. वर्गात धडा शिकवतात तसं, पहिल्यापासून, क्रमाने. कोयता कुठे लागला ते माझ्याच नडगीवर दाखवलं. कोणत्या रंगाची गोळी, ती किती घेऊन का सोडली, सुई केव्हा, पुडी केव्हा, भारी सुई केव्हा. वास सांगितला. लघवी कशी बंद झाली ते सांगितलं. मी काही झाकलं नाही, आणि आवाज तर माझा शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आतल्या खोलीतही नीट ऐकू गेला असणार. शेवटी म्हटलं, "औषध वाईट नाही. पण आत गेलात की विचारा, मला हे खरंच लागणार का? लागणार असेल तर नाव काय, किती दिवस? उत्तर घेतल्याशिवाय उठू नका."

त्या दिवशी आत गेलेली माणसं लवकर बाहेर येईनात. आतून आवाज यायचे. "नाव लिवून द्या ना डाक्टर. ती बाहेरची बाई इचारते."

दुपारी गर्दी सरल्यावर तो बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, तुम्ही माझं वाटोळं करताय."

"हो."

"मी काय मुद्दाम केलं? सुई नाय मारली तर लोक म्हणतात हा डॉक्टर कसला. मी नाय दिली तर समोरच्या दुकानातून घेतात."

"खरं आहे."

"मग?"

"मग मी बसते."

"दरडीच्या वेळी मी वर चढलो होतो, बाई," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही अजून इथे आहात."

एका खेपेला एक बाई सर्दी झालेलं पोर घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, सुई मारा. त्याने दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. पोराची छाती नळी लावून नीट ऐकली. मी त्याला तसं करताना पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाला, "सुई नको. पाणी पाज, अंगावर पाज. श्वास जोरात चालला, प्यायचं सोडलं, तर लगेच आण, मीच महाडला पाठवतो." बाई बाहेर आली ती तणतणत. "सुई नाय तर एवढी उतरून आलू कशाला?" मी सरकून तिला जागा दिली. "बस, सांगते कशाला आलीस." त्याच दिवशी एका म्हाताऱ्याच्या छातीत खरंच कफ भरला होता. त्याला त्याने औषध दिलं, नाव लिहून दिलं, दिवस सांगितले, आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही असं त्याच्या मुलाकडून दोनदा वदवून घेतलं.

मला वाटलं होतं, असं काही झालं की मला शांत वाटेल. नाही वाटलं. "सुई नको" हे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकले आणि मी विणकाम डब्यात आपटलं. येत होते की मग याला! माघात का नाही आले?

म्हणून मी बाजाराचा दिवस चुकवला नाही. तो माझ्यासाठी बाकावर उशी ठेवायला लागला. मी दिसले की चहा सांगायचा, हसायचा, रुग्णांना मोठ्याने औषधाची नावं सांगायचा. सगळं सुरळीत चाललंय असं मला वाटत होतं. मग वाडीवर गेले तेव्हा प्रतीक्षा पाटावर बसून मला म्हणाली, "मामीआजी, तुमी बाजारच्या दिवशी बसता ना, तो बाकीचे दिवस टोचतो." आणि पोटावर हात ठेवून हसली. तुमच्यासारखी हसते ती, आधी समोरच्याला पाडून.

वन्सं, तो बांधावर बसून माझी मजा पाहत होता.

त्या दिवसापासून मी वार ठरवत नाही. कधी लागोपाठ दोन दिवस जाते. कधी इतके दिवस जात नाही की त्याला वाटतं म्हातारी थकली. कधी सकाळच्या गाडीने, कधी तो दवाखाना बंद करायच्या बेतात असताना. बाळूला सांगत नाही, प्रतीक्षालाही नाही. आता उशी नसते बाकावर, हसूही नसतं. परवा प्रतीक्षाने निरोप धाडला, की तो हल्ली रोजच रस्त्याकडे बघत असतो, आणि बघता बघता सुई खाली ठेवतो.

मीरा, ओम, तुम्ही विचाराल, आजी, या वयात हे किती दिवस? तिकडच्या डॉक्टरने औषध नको म्हटलं तर आईला रडू देऊ नका, आणि घ्या म्हटलं तर अर्ध्यात सोडू नका. दिवसांचं विचाराल तर उत्तर माझं नाही, तुमच्या डोंगरआजीचं आहे. डोंगरापार जाईपर्यंत.

त्याला घालवू नको म्हणालात, वन्सं. नाही घालवत. पाऊस लागेल, रस्ता जाईल, प्रतीक्षाची वेळ येईल, आणि तो बॅग डोक्यावर घेऊन चढेल. तोपर्यंत मी त्याला बरोबर शिकवलेलं असेल.

काल मी दिवसभर बाकावर होते. त्यामुळे आज येणार नाही, असं त्याला वाटत असणार. एस.टी.ची वेळ झाली. डबा घेते.